उमेदवारी आणि पाचारण

मंडळीच्या अभ्यासासाठी पाठ

वाचनभाग : निर्गम ३१:१-६ व ३५:३०-३५, १ शमुवेल ३:१-१०, १ राजे १९:१९-२१, प्रेषितांची कृत्ये १८:१-३ व २४-२६.

पाठाचा हेतू : महाविद्यालयात शिकणाऱ्या आमच्या तरुणांस जी उमेदवारी करावी लागते, तीत त्यांस आपले पाचारण कसे ओळखता येईल, आणि त्या कामी मंडळीतील वडीलधाऱ्यांचे कर्तव्य काय, हे पाहणे.

१. या पाठाचे कारण

पालघर जिल्ह्याच्या पूर्वेस डोंगरपठारावर वसलेले जव्हार व मोखाडा हे दोन तालुके आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक आहेत. जव्हारचे संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. पुढे हा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निराळा झाल्यापासून तो त्या जिल्ह्यात आहे. येथे वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर व कातकरी लोकांची वस्ती आहे. पावसाळ्यात पाणी धो धो कोसळते, आणि चैत्र-वैशाखात त्याच डोंगरावर बायाबापड्यांस हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. भात, नागली व वरई घरात आली, दिवाळी सरली, म्हणजे कितीएक कुटुंबे झोपडीस कडी लावून वसई-भिवंडीकडील वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर मजुरीस जातात, ती पावसाच्या तोंडावर परत येतात.

अशा घरांतील मुले व मुली आता महाविद्यालयाची पायरी चढू लागली आहेत. जव्हार येथे गोखले एज्युकेशन सोसायटीचे व मोखाडा येथे रयत शिक्षण संस्थेचे महाविद्यालय आहे. आश्रमशाळेत वा वसतिगृहात राहून बारावी झालेला मुलगा तेथे पदवीसाठी नाव घालतो, आणि पुष्कळ घरांत पदवीपर्यंत पोहोचणारा तोच पहिला असतो. त्याच्या बापास शेताचे काम शिकविता येते, आईस घरचे. परंतु कचेरीत, दवाखान्यात, शाळेत वा कारखान्यात मनुष्याने कसे वागावे, हे सांगणारे घरात कोणी नसते.

२०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील विद्यापीठांनी अभ्यासक्रमाची जी नवी रचना केली, तीत केवळ पुस्तकी शिक्षणावर भागत नाही. विद्यार्थ्याने गावात जाऊन क्षेत्रप्रकल्प करावा, लोकांच्या कार्यात सहभागी व्हावे, आणि पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात एखाद्या ठिकाणी प्रत्यक्ष काम करून शिकावे, अशी योजना आहे. यास महाविद्यालयात इंटर्नशिप म्हणतात. आमच्या मराठीत यास फार जुना व अर्थपूर्ण शब्द आहे, तो उमेदवारी. उमेद बाळगून जो दुसऱ्याच्या हाताखाली काम शिकतो, तो उमेदवार. या उमेदवारीस चार श्रेयांक आहेत, आणि एका श्रेयांकास ३० तास याप्रमाणे तिचे १२० तास होतात. दररोज सहा तास धरिले तर हे २० दिवसांचे काम.

वीस दिवस ही मुदत थोडी खरी. पण त्या कोणत्या महिन्यांत येतात हे पाहा. हे सत्र हिवाळा व उन्हाळा यांत पडते, म्हणजे नेमके आईबाप भट्टीवर असतात तेव्हा. ज्या मुलाने त्या दिवसांत चार पैसे मिळवून घरी धाडावे अशी अपेक्षा असते, त्यास पदरचे एस.टी.चे भाडे खर्चून बिनपगारी काम करावयाचे असते. मग मनात विचार येतो की, ओळखीच्या कोणा दुकानदाराकडून वा संस्थेकडून शिक्का मारून घ्यावा, काम केल्याचा दाखला महाविद्यालयात द्यावा, आणि प्रकरण संपवावे. असा दाखला मिळविणे कठीण नाही. परंतु ज्या मुलाचे जीवनातील पहिले प्रमाणपत्र खोटे असते, तो कामाविषयी काय शिकला? काम केल्यावाचून कामाचे नाव मिळते, एवढेच. तो धडा पुढे तलाठ्याच्या कचेरीत, शिक्षकाच्या खुर्चीत व औषधाच्या खोलीत त्याच्याबरोबर जातो, आणि त्याची किंमत पाड्यावरचे गरीब लोक भरितात. यास्तव ही गोष्ट लहान समजून मंडळीने तिच्याकडे काणाडोळा करू नये.

२. पाचारण कोणास होते?

आमच्या मंडळ्यांत एक समज खोल रुजलेला आढळतो. तो हा की, पाचारण म्हणजे पाळकाचे वा सुवार्तिकाचे पाचारण. तरुण सेमिनरीत गेला तर देवाने त्यास बोलाविले असे आपण म्हणतो, आणि तो पंचायत समितीत लेखनिक झाला तर त्यास नोकरी लागली असे म्हणतो. एकाविषयी मंडळीत प्रार्थना होते. दुसऱ्याविषयी पेढे वाटले जातात. दोन्ही गोष्टी आनंदाच्याच. परंतु हा भेद शास्त्राने केलेला नाही.

निर्गमाच्या ३१व्या अध्यायात बसालेल नावाच्या मनुष्याचा वृत्तान्त आहे. तो याजक नव्हता, संदेष्टाही नव्हता. सोने, रुपे व पितळ यांचे काम करणारा, रत्नांस पैलू पाडणारा व लाकूड कोरणारा तो कारागीर होता. तथापि देवाने त्यास नाव घेऊन बोलाविले आणि आपल्या आत्म्याने परिपूर्ण केले, असे तेथे सांगितले आहे. हातातील कौशल्य हेही आत्म्याचे दान आहे, याहून स्पष्ट पुरावा कोणता पाहिजे? आणखी एक गोष्ट ३५व्या अध्यायाच्या ३४व्या वचनात आहे, तिकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. बसालेल व त्याचा सोबती अहलियाब यांच्या मनात देवाने दुसऱ्यांस शिकविण्याची बुद्धी घातली. म्हणजे देवाने कारागिरास कसब दिले आणि ते कसब पुढल्या पिढीच्या हाती देण्याची इच्छाही दिली. ही दुसरी देणगी नसती तर निवासमंडप एकदा उभा राहिला असता, पण ते कसब त्या दोघांबरोबरच संपले असते.

नव्या करारातही हेच दिसते. पौल करिंथास आला तेव्हा तो अक्विल्ला व प्रिस्किल्ला या जोडप्याच्या घरी उतरला, कारण त्यांचा व त्याचा धंदा एकच, तंबू करण्याचा होता. तंबूच्या कामाने पौलाच्या प्रेषितपणास कमीपणा आला नाही. आणि ते जोडपे प्रेषित नव्हते म्हणून त्यांच्या सेवेचे मोल उणे झाले नाही. प्रभू येशूनेही उपदेशास आरंभ करण्यापूर्वी सुताराचे काम केले, आणि गावकरी त्यास त्याच नावाने ओळखीत असत (मार्क ६:३). तेव्हा ज्या मुलीस रोग्याची शुश्रूषा आवडते, ज्या मुलाचा हिशेब चोख असतो, ज्यास झाडांची कलमे जगविता येतात, त्यांस देव बोलावीत नाही असे म्हणण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

३. एली व शमुवेल : वडीलधाऱ्याचे काम

परंतु देव बोलावितो हे खरे असले, तरी तरुणास ती वाणी एकट्याने ओळखता येतेच असे नाही. १ शमुवेलाच्या तिसऱ्या अध्यायातील कथा या बाबतीत आपला मुख्य पाठ होय.

बालक शमुवेल मंदिरात निजला होता. परमेश्वराने त्यास हाक मारिली. त्यास वाटले की एलीच बोलावीत आहे, म्हणून तो उठून धावत एलीकडे गेला. असे तीन वेळा झाले. शमुवेलाच्या कानांत उणे नव्हते, आज्ञापालनातही नव्हते. परंतु ती हाक कोणाची हे त्यास कळत नव्हते. आणि एली? तो म्हातारा झाला होता, त्याची दृष्टी मंद झाली होती, आपल्या मुलांस वळण लावण्यात तो चुकला होता. तरी तिसऱ्या खेपेस त्यास उमगले की, या मुलास परमेश्वर बोलावीत आहे. त्याने शमुवेलास काय उत्तर द्यावे ते सांगितले, आणि परत जाऊन निजावयास लाविले.

येथे वडीलधाऱ्या मनुष्याचे कर्तव्य किती नेमकेपणाने दाखविले आहे! एलीने शमुवेलास स्वतः बोलाविले नाही, बोलाविणारा देव. शमुवेलाच्या वतीने एलीने उत्तरही दिले नाही. उत्तर देणारा शमुवेल. एलीने मधली गोष्ट केली. मुलगा तीनदा आला तरी त्यास हाकलून दिले नाही, त्याचे ऐकून घेतले, विचार केला, आणि वाणी ओळखावयास शिकविले. त्यासाठी तीक्ष्ण दृष्टी लागली नाही, निष्कलंक जीवनवृत्तही लागले नाही. मुलगा मध्यरात्री ज्याच्याकडे धावत येऊ शकेल, असा मनुष्य जवळ असणे एवढेच लागले.

दुसरे उदाहरण एलीया व अलीशा यांचे. अलीशा शेत नांगरीत होता. बैलांची बारा जोते पुढे चालली होती आणि बाराव्याबरोबर तो स्वतः होता. एलीयाने जवळून जाता जाता आपला झगा त्याच्यावर टाकिला. नांगरीची मूठ ज्याने धरिली आहे त्यास या चित्राची गोडी अधिक कळेल. पुढे अलीशा मोठा संदेष्टा झाला. परंतु लोकांत त्याची पहिली ओळख काय होती? एलीयाच्या हातांवर पाणी घालणारा (२ राजे ३:११). ही त्याची उमेदवारी. त्याने आधी हातांवर पाणी घातले; वाणीस बळ मागून आले. गुरूच्या जवळ राहून, त्याचे लहानसहान काम करिताना, तो रागावतो कसा, थकतो कसा, प्रार्थना कशी करितो, हे पाहूनच मनुष्य शिकतो. व्याख्यानाच्या वहीत हे उतरत नाही.

४. आपल्या प्रांतातील दोन उदाहरणे

या गोष्टी शास्त्राच्या काळापुरत्याच होत्या, असे कोणी म्हणू नये. पहिले उदाहरण आपल्या पालघर जिल्ह्यातलेच घेऊ. ते ख्रिस्ती मंडळीतले नाही. परंतु चांगले जेथे आढळेल तेथे ते मान्य करावे, हीच आपली रीत असावी.

बालशिक्षणाच्या आद्य पुरस्कर्त्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढिले. अनुताई वाघ, ज्या बालपणीच विधवा होऊन पुढे शिक्षिका झाल्या होत्या, त्यांच्याबरोबर कामास आल्या. पुढे हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारल्यांची मुले शाळेत येत नाहीत असे दिसले, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली, तिचे नाव अंगणवाडी. आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी चरणीच्या रानात शाळा भरविली, तिचे नाव कुरणशाळा. ताराबाई १९७३ साली वारल्या. तोवर सुमारे २८ वर्षे अनुताईंनी त्यांच्या सोबतीने काम केले, आणि नंतर १९९२ साली स्वतःच्या मृत्यूपर्यंत ते कार्य चालविले. ताराबाईंस १९६२ साली पद्मभूषण व अनुताईंस १९८५ साली पद्मश्री हा सन्मान मिळाला. परंतु आमच्या पाठास उपयोगी गोष्ट सन्मानाची नव्हे. एका बाईने दुसरीस जवळ घेतले, काम दिले, विश्वास टाकिला. म्हणून पहिलीच्या मरणाने काम मेले नाही. बसालेलास मिळालेली दुसरी देणगी ती हीच.

दुसरे उदाहरण आपल्या मंडळ्यांतले. ते पाहण्यास अहमदनगर, म्हणजे २०२४ पासून ज्यास अहिल्यानगर म्हणतात, त्या जिल्ह्यातील जामखेड येथे जावे लागेल. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेतले होते. आपले आयुष्य खेड्यांतील गरिबांस द्यावे असा त्यांचा निश्चय होता. आरंभी त्यांनी वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम केले. तेथे त्यांस दिसले की, जे रोग मुळातच टाळता येतील त्यांनी माणसे आजारी पडतात, बरी होऊन घरी जातात आणि पुन्हा त्याच रोगाने परत येतात. नुसत्या दवाखान्याने हे थांबणार नाही असे जाणून त्यांनी अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले, आणि १९७० साली जामखेडास ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प सुरू केला.

तेथे त्यांनी गावोगावच्या बायांस आरोग्याचे काम शिकविले. कित्येकींस अक्षरओळख नव्हती, कित्येकी अस्पृश्य गणलेल्या जातींतल्या होत्या. त्या आठवड्याच्या आठवड्यास जामखेडास येत, शिकत, गावी परत जात, काम करीत, आणि पुढल्या खेपेस आपल्या अडचणी घेऊन येत. हा क्रम ध्यानात ठेवावा, कारण उमेदवारीचे सारे मर्म त्यात आहे : थोडे शिकणे, लगेच करणे, परत येऊन बोलणे, पुन्हा शिकणे. याच बाया पुढे दूरदूरच्या डॉक्टरांस व विद्यार्थ्यांस गावाच्या आरोग्याचे ज्ञान सांगू लागल्या. आरोळे दांपत्यास १९७९ साली रॅमन मॅगसेसे पारितोषिक मिळाले. मेबलबाई १९९९ साली व डॉ. रजनीकांत २०११ साली वारले.

जव्हार-मोखाड्यास हा धडा दूरचा नाही. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हळहळला होता. कुपोषणाचे दुःख या डोंगरांत जुने आहे. ज्या मुलीने या दुःखात आपली धाकटी भावंडे पाहिली आहेत, तिने ग्रामीण रुग्णालयात वा अंगणवाडीत वीस दिवस मन लावून काम केले, तर तीत देवाने काय ठेविले आहे हे तिला कळण्याचा संभव आहे. ती संधी शिक्क्यावर घालवावी काय?

५. मंडळीने काय करावे?

उमेदवारीची जागा शोधून देण्याचे काम महाविद्यालयाचे आहे, व ते त्यानेच करावे. शासनही तरुणांस काम शिकविण्याच्या योजना काढिते. २०२४ साली निघालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्या उमेदवारास दरमहा ६,००० रुपये, आय.टी.आय. वा पदविका झालेल्यास ८,००० व पदवीधरास १०,००० रुपये विद्यावेतन ठरविले होते. अशा योजनांची माहिती तरुणांस अवश्य करून द्यावी. परंतु विद्यावेतन देता येते तशी सोबत कोणत्याही योजनेस देता येत नाही. ती मंडळीनेच द्यावयाची. तिच्यासाठी आम्ही पुढील गोष्टी सुचवितो.

पहिली, प्रत्येक विद्यार्थ्यास एक सोबती नेमावा. तो मंडळीतील प्रौढ, कामात प्रामाणिक म्हणून गावात नाव असलेला असावा; मुलीसाठी बाईच असावी. निवृत्त शिक्षक, परिचारिका, आशा कार्यकर्ती, ग्रामसेवक, गवंडी, शिंपी, बागायतदार, यांपैकी कोणीही चालेल. त्याचा धंदा व विद्यार्थ्याचा धंदा एकच असला तर उत्तम, नसला तरी हरकत नाही.

दुसरी, कामाची जागा निवडताना विद्यार्थ्याचा कल व लोकांची गरज दोन्ही पाहावी. या दोन तालुक्यांत मोठे कारखाने नाहीत म्हणून निराश होऊ नये. रुग्णालय व प्राथमिक आरोग्य केंद्र, आश्रमशाळा, अंगणवाडी, ग्रामपंचायत, बँक, रोपवाटिका, या सर्वांत शिकण्याजोगे काम आहे. बाएफ संस्थेच्या साहाय्याने या डोंगरांत कितीएक शेतकऱ्यांनी आंबा-काजूच्या वाड्या लाविल्या. त्या वाड्यांचा हिशेब, कलमे व विक्री यांतही पदवीधरास पुष्कळ शिकता येईल.

तिसरी, आठवड्यातून एकदा तासभर भेट व्हावी. त्या भेटीत उपदेशाचा भडिमार करू नये. तीन प्रश्न विचारावे : या आठवड्यात तुझ्या हातून कोणाचे काय भले झाले? कोणत्या कामात तुला वेळेचे भान राहिले नाही? आणि कोठे तुला लबाडी करण्याचा मोह झाला? हे विचारून गप्प बसावे व ऐकावे. एलीने तीन वेळा ऐकिले, तेव्हा त्यास उमगले. शेवटी दोघांनी मिळून प्रार्थना करावी.

चौथी, खर्चाची तजवीज करावी. आमच्या मंडळ्यांत मूठभर धान्य प्रभूसाठी बाजूस काढण्याची चाल आहे. त्यातून वा रविवारच्या दानातून वीस दिवसांचे भाडे व दुपारची भाकर एवढी सोय झाली, तर खोट्या शिक्क्याचे निम्मे कारण नाहीसे होईल. दारिद्र्याने ज्यास मोह होतो त्यास नुसता उपदेश करणे पुरेसे नाही.

पाचवी, सेवा सर्वांची सारखी व्हावी. दवाखान्यात वा शाळेत उमेदवार जातो तो काम शिकावयास व लोकांची सेवा करावयास. रोगी हतबल असतो, लेकरू अजाण असते. त्यांच्या गरजेचा फायदा घेऊन आपला धर्म पुढे करणे हे प्रीतीस शोभत नाही. कोणी आपण होऊन विचारिले तर नम्रपणे उत्तर द्यावे. एरवी वेळेवर येणे, खरे बोलणे, औषधाची बाटली नीट धुणे व गरिबाशी अदबीने बोलणे, हीच त्याची साक्ष.

सहावी, मुलींच्या सुरक्षिततेची काळजी घ्यावी. काम किती वाजता सुटते, शेवटची गाडी केव्हा निघते, पाड्यापर्यंत बरोबर कोण येते, हे सोबतिणीने आधी पाहावे. एखाद्या ठिकाणी अनुचित वागणूक दिसली तर मुलीस गप्प बसविण्याऐवजी तिची बाजू घेऊन महाविद्यालयास कळवावे.

६. दोन शंका

कोणी म्हणेल, आमची मंडळी लहान, आम्ही अल्पशिक्षित. पदवीच्या विद्यार्थ्यास आम्ही काय शिकविणार? यावर उत्तर असे की, अपुल्लोस हा आलेक्सांद्रियाचा विद्वान, शास्त्रांत प्रवीण व वक्ता होता. तरी तंबू करणाऱ्या प्रिस्किल्ला व अक्विल्ला यांनी त्यास जवळ घेऊन देवाचा मार्ग अधिक स्पष्ट करून सांगितला. त्यांनी चारचौघांत त्याची चूक काढिली नाही, आणि तो विद्वान म्हणून भिऊन गप्पही राहिले नाहीत. विद्यार्थ्यास संगणक आपणांपेक्षा अधिक येईल. पण वरिष्ठ अन्याय करील तर काय करावे, पहिल्या पगारातून घरी किती द्यावे, अपयश आले तर उठावे कसे, हे ज्ञान पांढऱ्या केसांतच सापडते.

दुसरी शंका अधिक खोल आहे. आपण मुलास उत्तेजन द्यावे, आणि त्याने मुंबईस वा नाशकास जाऊन परत येऊ नये, असे झाले तर? असे होईल, व होतेही. कोणाचे पाचारण शहरात असेल. त्यास अडविण्याचा अधिकार आपणांस नाही. ज्या घरात पाऊस संपताच चूल विझते, त्या घरच्या मुलास दूरची नोकरी घेऊ नको असे भरल्या पोटाने सांगणे हे पापच होईल. परंतु एक गोष्ट आपल्या हाती आहे. जाणारा मुलगा केवळ दारिद्र्यापासून पळून जातो, की कोणी बोलाविले म्हणून जातो, यात अंतर आहे. पहिला मागे वळून पाहत नाही. दुसरा, जेथे असेल तेथून, ज्या हातांनी आपणांस सांभाळले त्यांची आठवण ठेवितो. वेल्लोरात मंडळ्यांच्या शिफारशीने जे विद्यार्थी घेतले जातात, ते शिक्षण झाल्यावर ठरलेला काळ त्या मंडळीच्या दवाखान्यात सेवा करितात. तेथे करार लिहिलेला असतो. आपल्या गावात करार नको. प्रीतीचे ऋण पुरे आहे.

शेवटी वडीलधाऱ्या वाचकांस आमची विनंती. या वर्षी आपल्या पाड्यातील कोणता मुलगा वा मुलगी पदवीच्या शेवटल्या वर्षात आहे, हे येत्या रविवारी उपासनेनंतर विचारा. त्यांची नावे लिहा. प्रत्येक नावापुढे मंडळीतील एका मनुष्याचे नाव लिहा. ज्या रात्री तो तरुण हाक ऐकून दचकून उठेल, त्या रात्री त्यास धावत जावयास एक दार उघडे असू द्या.

मननासाठी प्रश्न

१. बसालेलास देवाने कोणत्या दोन देणग्या दिल्या? त्यांपैकी दुसरी आपल्या मंडळीत कोणापाशी दिसते?

२. एलीने शमुवेलासाठी काय केले, आणि काय केले नाही? आपल्या मुलांच्या शिक्षणाविषयी बोलताना आपण यांपैकी कोणते करितो?

३. काम न करिता मिळविलेल्या दाखल्याने कोणाकोणाची हानी होते? त्या मोहापासून विद्यार्थ्यास वाचविण्यास मंडळी कोणता खर्च उचलू शकेल?

४. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्या सहवासापासून, आणि जामखेडच्या आरोग्यसेविकांच्या शिक्षणापासून, सोबत्याने कोणती रीत उचलावी?

५. आपण स्वतः जे काम करितो, ते पाचारण म्हणून करितो की केवळ पोटासाठी? हे एखाद्या तरुणास सांगावयाचे झाल्यास आपण काय सांगू?